टफन काचेवरचे डाग येतात कुठून? चाकणजवळच्या एका भट्टीवरचा अनुभव

चाकणजवळच्या एका काच कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघते. कारखाना मोठा नाही. कटिंग, ग्राइंडिंग, होल, वॉशिंग आणि एक टफनिंग भट्टी, म्हणजे काच तापवून झटकन गार करून मजबूत करणारी. बाथरूमची पार्टिशन, जिन्याची रेलिंग, दुकानांचे दरवाजे असा माल निघतो. गेल्या जूनपासून यंदाच्या फेब्रुवारीपर्यंत आम्ही एकाच गोष्टीच्या मागे लागलो होतो, ती म्हणजे काचेच्या पृष्ठभागावरचे डाग आणि ओरखडे. त्याच काळात आयएसआय मार्कच्या परवान्याचं कामही निघालं आणि दोन्ही एकमेकांत गुंतत गेलं. या विषयावर यंत्र विकणाऱ्यांची इंग्रजी माहितीपत्रकं भरपूर मिळतात. छोट्या कारखान्यात प्रत्यक्ष काय होतं, हे सांगणारं मला फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात तक्रारीनं झाली. पुण्यातल्या एका गृहप्रकल्पात आमची ८ मिमीची शॉवर पार्टिशन बसली होती. ताबा द्यायच्या आधी साफसफाई झाली आणि काचांवर ओरखडे दिसायला लागले. कंत्राटदारानं फोटो पाठवले आणि मागोमाग डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम आमच्या नावे टाकल्याचा कागद. टफन काचेत दुरुस्ती हा प्रकार जवळपास नसतो. तिच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत दाबाखालचा थर असतो आणि मधला गाभा ताणाखाली. हा तोल मोडला की अख्ख्या काचेचा चुरा होतो, म्हणून ती नंतर कापता येत नाही, तिला होलही पाडता येत नाही. वरवरचा डाग सिरियम ऑक्साइडनं घासून निघतो, पण तेवढ्या जागेतून पलीकडचं वाकडं दिसायला लागतं. ओरखडा खोल असेल तर नवीन काचच करायची.

मी साइटवर गेले तेव्हा सफाईची मुलं ब्लेडनं रंगाचे शिंतोडे खरवडत होती. आमचे मार्केटिंगवाले सोबत होते, ते लगेच म्हणाले, "ब्लेड लावलंय ना, मग विषयच संपला." कंत्राटदार शांतपणे म्हणाला, "साहेब, तेच ब्लेड खिडकीच्या साध्या काचेला पण लावलंय. तिला एक रेघ दाखवा." खरंच नव्हती. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

अजून न घासलेलं एक पार्टिशन मी ओलं केलं, बोटावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि हलक्या हातानं काचेवरून फिरवली. नुसत्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. बारीक बारीक काटे जाणवले. तेही एकाच बाजूला, दुसरी बाजू लोण्यासारखी गुळगुळीत. भिंगातून ओरखडे पाहिले तर प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला एक टिंब. काचेचे सूक्ष्म कण भट्टीत पृष्ठभागाला चिकटून पक्के झाले होते. ब्लेडनं ते उखडले आणि ब्लेडखाली फरफटत जाऊन त्यांनीच रेघ ओढली. एकाच बाजूला का, तर भट्टीत काच आडवी झोपून जाते आणि रोलरला तिची खालची बाजूच लागते.

म्हणजे ओरखडा साइटवर पडला होता, पण त्याचं बी आमच्याकडून गेलं होतं. मालकांना हे सांगताना माझ्या पोटात गोळा आला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्धा खर्च आम्ही उचलायचा असं ठरलं. असा प्रसंग आला तर क्रेडिट नोटचं, म्हणजे बिलातून रक्कम कमी केल्याच्या कागदाचं, काम रेंगाळत ठेवू नका. ज्या आर्थिक वर्षात माल दिला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती जीएसटीत दाखवता येते, आणि असली भांडणं सहज तेवढी लांबतात.

खरा प्रश्न पुढे होता. हे कण येतात कुठून? कारखान्यात प्रत्येकाचं उत्तर वेगळं. भट्टीवाले म्हणायचे वॉशिंग नीट नाही, वॉशिंगवाले म्हणायचे ग्राइंडिंगचा चिखल येतो, ग्राइंडिंगवाले कटिंगकडे बोट दाखवायचे आणि कटिंगवाले थेट काच बनवणाऱ्या कंपनीकडे. गंमत म्हणजे सगळेच थोडे थोडे बरोबर होते.

मी पाहणीसाठी एक अंधारा कोपरा केला. काळं कापड, आडवी ट्यूबलाइट आणि काच उभी. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून प्रत्येक डाग मार्करनं उतरवायचा. कोपऱ्यात तारीख, जाडी, लोड (भट्टीत एका वेळी जाणाऱ्या काचा) नंबर, भट्टीत पुढे गेलेली कड कोणती आणि लोडिंग टेबलाच्या डाव्या कडेपासून काच किती अंतरावर होती, हे लिहायचं. ही शेवटची नोंद सगळे विसरतात आणि कामाला तीच येते. सुरुवातीला पोरांना वाटलं, मॅडम कुणाला तरी पकडायला निघाल्यात. मग मी नोंदींत माणसांची नावं लिहिणं बंद केलं, फक्त लोड नंबर ठेवला. त्यानंतर लोक स्वतःहून डाग दाखवायला लागले.

जुलैपर्यंत प्लॅस्टिकची चळत झाली. एकावर एक ठेवून उजेडात धरली की डागांच्या जाती वेगळ्या दिसायच्या. काही डाग काचेच्या चालीच्या दिशेनं एका रेषेत, ठरावीक अंतरानं. मोजलं तर १८८ मिमीच्या आसपास. आमच्या भट्टीतले सिरॅमिक रोलर ६० मिमी व्यासाचे, आणि ६० गुणिले ३.१४ म्हणजे १८८. रोलरवर काही चिकटलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो एक ठसा देणारच. तुमच्या रोलरचा व्यास वेगळा असेल तर आकडा वेगळा येईल, ८० मिमीला साधारण २५१. एवढा एक गुणाकार केला की डाग भट्टीतला की बाहेरच्या टेबलाचा, हे बरंचसं उलगडतं. नेमका कोणता रोलर ते मात्र कळत नाही, कारण सगळे सारखेच. पण डाव्या कडेपासूनचं अंतर लिहिलेलं असेल तर रोलरच्या लांबीवर कुठे बघायचं ते कळतं.

दुसरी जात म्हणजे काचेच्या मधोमध, चालीच्या दिशेनं उमटलेला पांढुरका पट्टा. तिसरी, कुठेही विखुरलेले कण. चौथी, गोल गोल कडी, जी काचेवर वाफ धरली तरच दिसायची. ही काच उचलायच्या व्हॅक्यूम कपची खूण. घाणेरड्या रबराचा अंश काचेवर राहतो, भट्टीत भाजून निघतो आणि शॉवरमध्ये गरम पाणी सोडलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उमटतो. हा दोष सगळ्यात स्वस्तात गेला. कपांना कापडी टोप्या घातल्या आणि कप रोज पुसायचं ठरवलं.

विखुरलेल्या कणांसाठी आम्ही वॉशिंग मशीनकडे वळलो, आणि जुलै-ऑगस्ट तिथेच गेले. पावसाळ्यात पाण्याचं सगळंच बिघडतं. बोअरचं पाणी जड, त्यात टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरलेला. बाहेरून स्वच्छ दिसणारी काच भट्टीत गेली की वाळलेल्या थेंबातले क्षार तिच्यावर भाजले जातात आणि मग कशानंही निघत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते मी आधी घेतलं आणि दर पाळीच्या सुरुवातीला शेवटच्या धुण्याचं पाणी मोजायला लावलं. आरओच्या पुढे पाण्यातले उरलेले क्षार काढणारा डीएम प्लांट बसवायचा खर्च मालकांना जड वाटत होता. तेव्हा मी एकाच शीटचे दोन तुकडे, एक बोअरच्या पाण्यानं आणि एक डीएम पाण्यानं धुऊन, भट्टीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. मंजुरी त्याच आठवड्यात मिळाली. शेवटच्या धुण्याला आम्ही ३० मायक्रोसीमेन्सच्या आतली मर्यादा ठेवली (पाण्यातून वीज किती वाहते याचं हे माप, क्षार कमी तर आकडा कमी). पाणी कोमट, ४० ते ५० अंशांच्या दरम्यान असलं की बरं धुतलं जातं.

पण पाणी म्हणजे सगळं नव्हे. आमच्या मशीनचे ब्रश वरून छान दिसत होते, मुळाशी मात्र ग्राइंडिंगची राख घट्ट बसली होती. म्हणजे काच धुतली जाण्याऐवजी तिच्यावर कण फासले जात होते. एअर नाइफच्या, म्हणजे धुतलेली काच हवेच्या झोतानं वाळवायच्या, पंख्याची जाळी तर कुणी कधी काढली होती ते कुणालाच आठवेना. ओली हवा, धूळ, कागदाचे कपटे सगळं आत. धुऊन आलेल्या काचेवर हा पंखा पुन्हा धूळ मारत होता. आता जाळी दर गुरुवारी साफ होते. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी देखभालीचे दोघं येतात.

धुतलेल्या काचेची आमची परीक्षा साधी आहे. पांढरं, धागे न सुटणारं कापड फिरवायचं आणि बघायचं, मग काचेवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ सगळीकडे सारखी बसली आणि सारखी उडाली तर काच स्वच्छ. डाग असेल तिथे वाफ वेगळी वागते. यासाठी रुपयाही लागत नाही, आणि महागड्या यंत्रापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

पावसाळ्याचाच आणखी एक फटका म्हणजे पॅकमधली काच. शीटच्या मध्ये जी पावडर असते ती नुसती वेगळी ठेवायला नसते. त्यात बारीक प्लॅस्टिकचे मणी आणि ॲडिपिक ॲसिड असतं. दोन शीटमध्ये ओल शिरली की काचेतला सोडियम बाहेर येऊन पृष्ठभाग खायला लागतो, ते हे ॲसिड काही काळ थोपवतं. पॅक उघडून अर्धा वापरायचा आणि उरलेला दाराजवळ ठेवायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्या शीटवर इंद्रधनुष्यासारखी झाक यायची. धुताना लक्षात यायची नाही आणि टफन झाल्यावर ठळक व्हायची. आता आधी आलेला पॅक आधी संपवायचा आणि उघडलेला पॅक आतल्या भिंतीकडे. पॅक उघडण्याआधी चारी बाजूंचे फोटो आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. पुरवठादाराकडे दावा करायचा झाला तर फोटो नसताना कुणी दाद देत नाही.

सप्टेंबरमध्ये कडांची पाळी आली. पृष्ठभागाच्या दोषात कडेचं काय काम, असं मलाही वाटायचं. पण कडेला बारीक कपची निघालेली काच भट्टीत फुटते आणि फुटली की तुकडे रोलरवर पडतात. मोठे खाली जातात, बारीक तापलेल्या रोलरला चिकटतात. त्यानंतरच्या कित्येक लोडवर १८८ मिमीचे ठसे. म्हणजे कटिंग टेबलावर कड नीट मारली नाही याची शिक्षा पुढच्या पाच गिऱ्हाइकांना. टफनला जाणाऱ्या प्रत्येक काचेची धार आधी मोडायचीच, गिऱ्हाइकानं पॉलिश मागितलेलं असो वा नसो, हा नियम तेव्हापासून केला. भट्टीत काच फुटली की लगेच पुढचा लोड न टाकता जाड, रद्दीतली पण स्वच्छ धुतलेली काच दोन-तीनदा फिरवायची. रोलरवरचे सुटे कण ती आपल्या अंगावर घेऊन येते.

ऑक्टोबरमध्ये मी भट्टीवरच्या काकांसोबत बसायला लागले. काका साताऱ्याकडचे, शिक्षण दहावीपर्यंत, आणि भट्टीच्या आवाजावरून ब्लोअरचा दाब सांगणारे. मधल्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, काच आत गेल्या गेल्या होडी होते. तेव्हा सगळं वजन पोटावर." अगदी हेच होतं. गार काच आत शिरते तेव्हा तापलेले रोलर तिला खालून झटकन उष्णता देतात, वरून उष्णता पोचायला वेळ लागतो. खालची बाजू आधी प्रसरण पावते, टोकं वर उचलली जातात आणि मधला भाग रोलरवर घासतो. त्यात काच आत असताना वाढतही असते. दोन मीटरची शीट भट्टीतल्या तापमानाला जवळजवळ एक सेंटीमीटर लांब होते. सिलिकाचा रोलर मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणजे घर्षण अटळ, प्रश्न फक्त किती याचा.

उपाय सगळे एकमेकांशी भांडणारे. खालचं तापमान उतरवलं की पट्टा फिका होतो. फार उतरवलं तर काच पुरेशी तापत नाही, क्वेंचमध्ये (भट्टीतून निघाल्यावर हवेच्या झोतानं गार होताना) फुटते किंवा फोडल्यावर तुकडे मोठे पडतात, आणि मग ती सुरक्षा काचच राहत नाही. तापमान वाढवलं तर तुकडे छान बारीक, पण काच दोन रोलरच्या मध्ये झोळ धरते आणि पृष्ठभागावर लाटा येतात. दुकानाच्या मोठ्या काचेत समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब हलताना दिसतं ना, ते हेच. आम्ही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोर्ड करून घेतला. काचेत त्याचं प्रतिबिंब बघायचं, पट्टे वाकले की लाट. युरोपच्या ईएन १२१५० मानकात ३०० मिमी लांबीत ०.३ मिमीची मर्यादा आहे, तीच आम्ही धरली.

दर खेपेला एकच गोष्ट बदलायची, ही माझी अट काकांना फार जाचली. ते तीन नॉब एकदम फिरवतात आणि माल बरोबर काढतात. पण मग कशामुळे बरोबर आलं ते कळत नाही. शेवटी वरची गरम हवा पहिल्या टप्प्यात वाढवणं, खालचं थोडं उतरवणं आणि तापवायची वेळ जाडीच्या मिलिमीटरमागे ३५ ते ४० सेकंदांच्या दरम्यान ठेवणं, यावर आमचं गणित जमलं. तुमची भट्टी वेगळी असेल, आमचे आकडे तसेच उचलू नका.

सल्फर डायऑक्साइडबद्दल थोडं. थोडासा वायू भट्टीत सोडला की काचेतल्या सोडियमशी मिळून सोडियम सल्फेटचा पातळ थर तयार होतो आणि काच रोलरवर सुळकन सरकते. उपयोग होतो यात शंका नाही. पण थोडं चांगलं तर जास्त अजून चांगलं, अशी आपल्याकडे वृत्ती असते. जास्त झालेला थर रोलरवर साचतो आणि त्याचेच डाग पडतात. शिवाय वायू विषारी आहे आणि लोखंडी भाग खातो. गळतीची तपासणी आणि मास्क यात काटकसर नको. पट्टा आटोक्यात आल्यावर आम्ही वायू बराच कमी केला.

रोलर स्वच्छ करायला भट्टी थंड करावी लागते आणि तेवढा काळ उत्पादन बंद. म्हणून दिवाळीचा मुहूर्त धरला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हीटर बंद केले. थंड होतानाही रोलर फिरतेच ठेवायचे, नाहीतर तापलेल्या अवस्थेत ते वाकू शकतात. वीज गेली तर हातानं फिरवायचा दांडा कुठे आहे आणि तो बसतो का, हे आधी बघून ठेवलं होतं. तो दांडा स्टोअरच्या माळ्यावर निघाला, हे आधी बघितलं म्हणून बरं.

आत शिरताना सगळ्यांना सुती हातमोजे. यावरून थट्टा झाली, पण कारण पक्कं आहे. रोलर फ्यूज्ड सिलिकाचे असतात. सोडियमसारखे क्षार त्यांवर राहिले तर गरम झाल्यावर तिथल्या सिलिकाची रचना बदलते आणि रोलरला बारीक तडे जातात. घामात मीठ असतंच. म्हणून उघड्या हातानं स्पर्श नाही, साबण नाही, सोडा नाही, फक्त डीएम पाणी आणि कापड. घट्ट चिकटलेले कण अगदी बारीक पॉलिश पेपरनं हलकेच काढले. नकाशांत ठसे डाव्या कडेपासून ज्या अंतरावर येत होते, तिथेच एका रोलरवर वितळलेल्या काचेचा मोहरीएवढा मणी बसलेला सापडला. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हा एवढासा, आणि गेले सहा महिने आपण भांडतोय." फटाके बाहेर वाजत होते आणि आम्ही आठजण टॉर्च घेऊन भट्टीत. घरच्यांची बोलणी खाल्ली. भट्टी पुन्हा तापवतानाही घाई केली नाही, टप्प्याटप्प्यानंच चढवली.

क्वेंचमध्येही एक काम निघालं. तिथल्या रोलरवर उष्णता सोसणारी अरामिड दोरी गुंडाळलेली असते. दोरीत काचेचा चुरा रुतला होता, ती बदलली. नोझल तुकड्यांनी बुजली होती, ती साफ केली.

इथे एक विषयांतर. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाचा फोन आला, काचेवर बिबट्यासारखे ठिपके आहेत. जाऊन बघितलं तर ठिपके त्यांच्या पोलराइज्ड गॉगलमधून दिसत होते, गॉगल काढला की गायब. क्वेंचच्या हवेनं काचेत थोडा कमीजास्त ताण राहतो, तो विशिष्ट प्रकाशात असा दिसतो. टफन काचेचा तो स्वभाव आहे, मानकांतही तो दोष धरत नाहीत. हे समजावताना मात्र घाम फुटतो, म्हणून आता कोटेशनमध्येच एक ओळ टाकतो. पाहणी कशी करायची तेही तिथेच लिहितो. काच उभी, दिवसाचा पसरट उजेड, तीन मीटर अंतर. नाहीतर लोक मोबाइलचा टॉर्च लावून नाक टेकवून बघतात.

डिसेंबरमध्ये परवान्याचा अर्ज भरला. इमारतींसाठीच्या सुरक्षा काचेला आयएस २५५३ भाग १ हे मानक लागतं, आणि २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं ते सक्तीच्या यादीत आणलं. भारतीय मानक ब्युरोच्या मानक ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म ५ भरायचा. अर्जाचे १,००० रुपये, तपासणीला अधिकारी येतात त्याचे दिवसाला ७,००० रुपये, वार्षिक परवाना शुल्क १,००० रुपये, शिवाय मार्किंग शुल्क आणि प्रयोगशाळेचं बिल वेगळं. आम्ही भरले तेव्हाचे हे दर आहेत, भरण्याआधी पोर्टलवर पाहून घ्या. सोबत यंत्रांची यादी, चाचणी उपकरणांची यादी, त्यांचे कॅलिब्रेशन दाखले, कारखान्याचा नकाशा, उत्पादनाचा क्रम, कच्च्या काचेचे दाखले आणि क्वालिटीच्या माणसाची पदवी.

आमचा अर्ज अडला तो पत्त्यावर. वीजबिलावर गट नंबर, उद्यम नोंदणीवर गट नंबर आणि शेडचा नंबर, भाडेकरारात जुन्या मालकाचं नाव घालून तिसराच पत्ता. चाकण भागात हे घरोघरी आहे. हे एकाच जागेचे पत्ते आहेत असं नोटरीकडून लिहून घेतलं, उद्यममध्ये दुरुस्ती केली आणि पुन्हा अपलोड. तुम्ही अर्ज करणार असाल तर सगळ्यात आधी सगळ्या कागदांवरचे पत्ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. उपकरणांच्या कॅलिब्रेशनला वेळ लागतो, ते अर्जाच्या दोन महिने आधीच पाठवा.

जानेवारीत अधिकारी आले. त्यांच्यासमोर काच फोडून दाखवायची असते. कडेजवळ टोकदार पंचानं ठोका मारायचा आणि ५० मिमी बाय ५० मिमीच्या चौकोनात तुकडे मोजायचे. पंच माझ्याच हातात होता. आदल्या रात्री मला झोप नव्हती, कारण पट्टा घालवण्यासाठी आम्ही तापमान उतरवलं होतं आणि तुकडे मोठे पडले असते तर सगळं मुसळ केरात. तुकडे नीट पडले. काकांनी लांबूनच अंगठा दाखवला.

अधिकाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ रजिस्टरं बघण्यात घालवला. पाण्याच्या नोंदी, प्लॅस्टिकचे नकाशे, रोलर सफाईची तारीख, एक गोष्ट बदलल्यावर काय झालं त्याच्या ओळी. आम्ही ते त्यांच्यासाठी केलंच नव्हतं, पण तपासणी आणि चाचणीच्या योजनेत जे दाखवावं लागतं त्यातलं पुष्कळसं आयतं तयार होतं. नमुने सील करून प्रयोगशाळेत गेले. मग वाट बघणं. पोर्टल उघडायचं, तीच ओळ, बंद करायचं. फेब्रुवारीच्या अखेरीस परवाना आला.

परवान्यानं एक नवीन काम आणलं. प्रत्येक काचेवर न पुसला जाणारा शिक्का हवा, आणि तो भट्टीत जाण्याआधीच मारावा लागतो. सिरॅमिक शाई जरा जास्त झाली की कोपऱ्यात फराटे, शाईचा कण उडाला की पुन्हा तेच कण पृष्ठभागावर. म्हणून शिक्का मारणाऱ्या मुलाला भट्टीपासून लांब, पंख्याच्या झोतात येणार नाही अशी जागा दिली. शाई वाळेपर्यंत काच हलवायची नाही.

टिनच्या बाजूचा बंदोबस्तही याच सुमारास केला. फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगत बनते, त्यामुळे तिच्या एका बाजूत कथिलाचा अंश राहतो. लघुलहरी अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की ती बाजू दुधी चमकते. ही बाजू पुन्हा खूप तापली तर कधी कधी निळसर धुकं येतं. आम्ही टिनची बाजू खाली ठेवतो आणि सगळ्या शीटला एकच नियम लावतो, म्हणजे दोष आला तर शोधताना एक शक्यता कमी. त्या दिव्यात थेट बघू नका, डोळ्यांना इजा होते.

सगळे दोष गेले असं नाही. १० आणि १२ मिमीच्या मोठ्या काचांना मधला पट्टा अजून पुसट दिसतो, आणि लो-ई कोटिंगच्या काचा आम्ही सध्या घेत नाही. कोटिंगची बाजू वरून उष्णता परतवते, म्हणजे होडीचा प्रश्न दुप्पट, आणि त्यासाठी लागणारी संवहनाची, म्हणजे गरम हवा खेळवण्याची, सोय आमच्या भट्टीत पुरेशी नाही. मालकांनी दर विचारून ठेवले आहेत. पुढची रोलर सफाई गणपतीच्या सुट्टीत करायची की दिवाळीपर्यंत थांबायचं, यावर काका आणि मी सध्या वाद घालतोय. त्यांचं म्हणणं दिवाळी, माझं गणपती. नकाशांत ठसे पुन्हा दिसायला लागले तर निकाल माझ्या बाजूनं, असं ठरलंय.

आणि आता प्रत्येक खेपेबरोबर साइटसाठी मराठी आणि हिंदीत छापलेला एक कागद जातो: टफन काचेला ब्लेड लावू नका, आधी भरपूर पाणी, मग मऊ कापड, सिमेंट आणि रंगाचे शिंतोडे वाळण्याआधी काढा, शंका आली तर घासण्याआधी फोन करा. खाली माझा नंबर आहे. फोन येतात, बहुतेक वेळा गॉगलवाल्यांचे.